लेसरने चष्मा घालवायचाय? आधी बुबुळाचा रिपोर्ट, मग दवाखाना, मग पैसे

‘लेसरला किती लागतात?’ परभणीत नंबर तपासण्याचं काम करताना हा प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणारी बहुतेक विशीतली पोरं. कुणाची भरती तोंडावर आलेली, कुणाचं लग्न जमत आलेलं, कुणी लातूरला क्लास करून वाढलेला नंबर घेऊन परतलेलं. प्रश्न रास्त आहे, पण पैशांचा विचार तिसऱ्या नंबरवर यायला हवा. तुमच्या बुबुळाला हे ऑपरेशन चालतं का, हे पहिलं. चालत नसेल तर तोंडावर ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर कोण, हे दुसरं. ही दोन उत्तरं हातात नसताना दहा दवाखान्यांचे दर गोळा केले तरी त्यातून काही ठरत नाही. म्हणून पुढचं सगळं याच क्रमाने लिहितो.

लेसर काय करतो, काय करत नाही

डोळ्याच्या काळ्या भागावर जी पारदर्शक काच असते, तिलाच आपण बुबुळ म्हणतो. तिची जाडी मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त. लेसरने या काचेतला अगदी पातळ थर काढून तिचा बाक बदलतात, म्हणजे प्रकाश पडद्यावर नेमका पडतो आणि लांबचं स्पष्ट दिसतं. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सायमर नावाचा अतिनील लेसर सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर चालवून पाहिला. आजूबाजूचा भाग न भाजता हवा तेवढाच थर उडाला. आजचं लेसिक, म्हणजे चष्मा घालवायचं सगळ्यात ओळखीचं लेसर ऑपरेशन, त्या शोधावर उभं आहे.

यातून दोन गोष्टी समजून घ्या. काढलेला थर परत येत नाही. आणि बदलते ती फक्त पुढची काच. मायनस नंबरचा डोळा मागे लांब वाढलेला असतो, त्यामुळे आतला पडदा ताणलेला असतो. लेसरनंतर चष्मा गेला तरी पडदा तसाच ताणलेला राहतो. मोठा नंबर असलेल्याने ऑपरेशननंतरही दरवर्षी पडदा तपासून घेतलाच पाहिजे. चष्मा सुटला की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणंही सुटतं, असं मी पुष्कळ पाहतो. ते धोक्याचं आहे.

आणखी एक. चाळिशीत जवळचं वाचायला जो चष्मा लागतो, तो डोळ्याच्या आतलं भिंग कडक झाल्यामुळे. लेसर केलेल्यालाही तो लागतो. अडतीस-चाळीस वयाचा माणूस लेसरला निघाला असेल तर हिशोबच वेगळा: लांबचा चष्मा जाईल आणि दोन-तीन वर्षांत जवळचा येईल. कमी मायनस नंबरवाल्याला आज चष्मा काढून मोबाइल वाचता येतो. लेसरनंतर ती सोय जाते. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

आळशी डोळा असेल, म्हणजे लहानपणापासून ज्याची नजर पूर्ण वाढलीच नाही असा, तर चष्मा लावून आज जेवढं दिसतं, त्याहून जास्त लेसरने दिसणार नाही. तपासणीत चष्म्यासह कुठल्या ओळीपर्यंत वाचता येतं ते विचारा. साधारण तीच तुमची मर्यादा.

कुणी थांबायचं

वय १८ पूर्ण हवं, पण खरी अट नंबर स्थिर असण्याची. गेल्या वर्षभरात अर्ध्या नंबरपेक्षा जास्त फरक पडलेला नसावा. त्यासाठी जुनी कार्डं लागतात. आपल्याकडे चष्म्याचं कार्ड आठ दिवसांत हरवतं. तुमचंही हरवलं असेल तर जिथे चष्मा केला त्या दुकानात नोंद मिळते का पाहा. नाहीच मिळाली तर आज तपासून घ्या, सहा महिने ते वर्षभर थांबा, पुन्हा तपासा. बारावी आणि नीटच्या काळात नंबर हलत असतो. परीक्षा संपली म्हणून लगेच जूनमध्ये लेसर, ही घाई करू नका.

गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर आणि डोळ्यातला ओलावा दोन्ही बदलतात. त्या काळात थांबायचं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यांनी डोळे कोरडे पडतात. लग्न ठरलेल्या बऱ्याच मुली या गोळ्या आणि लेसर एकाच सुमारास करायला निघतात. आमवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार), ताब्यात नसलेली साखर, डोळ्यात कधी नागीण झालेली असणं, काचबिंदू, यांतलं काहीही लपवू नका.

सगळ्यात महत्त्वाचा आजार म्हणजे केराटोकोनस. यात बुबुळ पातळ होत शंकूसारखं पुढे येतं. सुरुवातीला नुसता तिरका नंबर (कार्डावरचा सिलिंडर) वाढत जातो, बाकी काही जाणवत नाही. अशा डोळ्यावर लेसर केला तर पातळ झालेली काच आणखी दुबळी होते आणि नजर कायमची बिघडू शकते. दर सहा महिन्यांनी तिरका नंबर बदलत असेल, घरात कुणाला हा आजार असेल किंवा लहानपणापासून डोळे चोळायची सवय असेल तर शंका घ्यायलाच हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीने डोळे खाजणारी लेकरं गावोगाव आहेत. ती मनगटाने डोळे रगडतात आणि आईबापांना त्यात वावगं वाटत नाही. अशा मुलाचं बुबुळ आधी स्कॅन करून घ्या, लेसरचं नंतर पाहू.

आता भरतीवाल्यांसाठी. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाला लेसिक झालेला उमेदवार चालत नाही. सैन्यदलाच्या काही प्रवेशांना लेसर झालेले डोळे बाद धरतात, तर काही ठिकाणी ऑपरेशनच्या वेळचं वय, त्यानंतर गेलेला काळ आणि उरलेली जाडी पाहून घेतात. म्हणून ज्या पदाची तयारी करताय त्याच्या चालू जाहिरातीतला वैद्यकीय पात्रतेचा भाग स्वतः वाचा. अकॅडमीतल्या मित्राने सांगितलं म्हणून किंवा दवाखान्यातल्या काउन्सेलरने ‘चालतं’ म्हटलं म्हणून पैसे भरू नका. एकदा लेसर झाला की तो वैद्यकीय तपासणीत ओळखू येतो.

आणि ज्या मुलीला फक्त पाहुणे येणार म्हणून घरच्यांनी लेसरला आणलंय, तिच्याशी आईने किंवा मोठ्या बहिणीने एकदा निवांत बोलावं. चष्मा तिला नकोय की दुसऱ्याला नकोय, हे तिच्या तोंडून आलं पाहिजे. डोळा तिचा आहे.

तपासणीचा दिवस

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी बंद ठेवावी लागते: मऊ लेन्स साधारण एक ते दोन आठवडे, कडक लेन्स तीन ते चार आठवडे. लेन्सने बुबुळाचा आकार तात्पुरता दबतो आणि मोजमाप चुकतं. सकाळपर्यंत लेन्स घालून आलेल्याची तपासणी कुणी त्याच दिवशी करून ‘उद्या ऑपरेशन’ म्हणत असेल, तर तिथून उठून या.

तपासणीला दोन-तीन तास धरा. डोळे मोठे करायचे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवता येणार नाही. सोबत माणूस न्या. त्या दिवशी काय काय व्हायला हवं? साधा नंबर, थेंब टाकून पुन्हा नंबर, डोळ्याचा दाब, अश्रूंची तपासणी, अंधारात बाहुली किती मोठी होते त्याचं माप, पडद्याची पूर्ण तपासणी आणि बुबुळाचं स्कॅन. पडद्याच्या कडेला पातळ जागा किंवा छिद्र दिसलं तर त्यावर आधी वेगळा लेसर मारून काही आठवड्यांनी पुढचं पाहतात. हा खर्च वाढवायचा प्रकार नाही. गरज असेल तर ते करावंच लागतं, फक्त फोटो दाखवा म्हणायचं.

बुबुळाच्या स्कॅनला बहुतेक ठिकाणी पेंटाकॅम म्हणतात. तसंच काम करणारी दुसरी मशीनही आहेत. हा रिपोर्ट रंगीत नकाशांचा असतो. एक नकाशा बाकाचा, एक पुढच्या पृष्ठभागाच्या उंचवट्याचा, एक मागच्या पृष्ठभागाचा आणि एक जाडीचा. घाबरू नका, तुम्हाला त्यातलं फार थोडं पाहायचंय. जाडीच्या नकाशावर सगळ्यात पातळ जागेचा आकडा शोधा. तो दोन्ही डोळ्यांत जवळपास सारखा आहे का पाहा. मागच्या पृष्ठभागाच्या नकाशात मध्याखाली एखादा गडद उंचवटा असेल तर त्याचा अर्थ विचारा, कारण केराटोकोनसची पहिली खूण बऱ्याचदा तिथे दिसते. काही रिपोर्टांत शेवटी ‘डी’ नावाचा एक एकत्रित आकडा असतो, तो १.६ च्या आत असला तर दिलासा, २.६ च्या वर गेला तर लेसर विसरा, मधे असेल तर डॉक्टरांनी कारण सांगायला हवं.

आता एक हिशोब कागदावर करू. समजा नंबर मायनस ५ आणि सगळ्यात पातळ जागेची जाडी ५२० मायक्रॉन. लेसिकमध्ये आधी बुबुळाचा वरचा पापुद्रा झडपेसारखा उचलतात; ही झडप साधारण ११० मायक्रॉनची. एका नंबरसाठी ढोबळमानाने १४ मायक्रॉन थर उडतो, म्हणजे ५ नंबरला ७०. झडप आणि उडालेला थर मिळून १८०. खाली उरले ३४०. किमान २५० उरलेच पाहिजेत असा जुना दंडक आहे, आणि सावध डॉक्टर २८० ते ३०० च्या खाली जात नाहीत. शिवाय १८० ला ५२० ने भागलं तर येतात सुमारे ३५ टक्के. हा आकडा ४० च्या आत असावा लागतो. म्हणजे या डोळ्याला बाकी सगळं ठीक असेल तर लेसिक चालेल.

दुसरा डोळा घ्या. नंबर मायनस ८, जाडी ५००. झडप ११०, थर ११२, एकूण २२२. उरले २७८. वरवर पाहता २५० च्या वर आहे म्हणून कुणी ‘होऊन जाईल’ म्हणेल. पण टक्केवारी ४४ येते. इथे लेसिकला नाही म्हणणारा डॉक्टर तुमचा हितचिंतक. नेमके आकडे मशीननुसार आणि लेसर किती रुंद भागावर मारतात त्यानुसार बदलतात, म्हणून हा हिशोब निर्णयासाठी नाही. डॉक्टरांसमोर बसून ‘माझ्या डोळ्यात किती थर जाणार आणि खाली किती उरणार?’ एवढं विचारता यावं, म्हणून आहे. ज्याला हे दोन आकडे सांगायला वेळ नाही, त्याच्या हातात डोळा देऊ नये.

रिपोर्टची प्रत मागून घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. प्रत हाताशी असली की दुसऱ्या डॉक्टरकडे मत घेता येतं आणि त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा मोजावे लागत नाहीत.

पद्धतींची नावं आणि त्यामागचं काम

जाहिरातीत नावं डझनभर असली तरी कामाच्या तऱ्हा चारच.

पृष्ठभागावरची पद्धत, म्हणजे पीआरके किंवा ट्रान्स-पीआरके. यात झडप करत नाहीत; वरची नाजूक साल काढून थेट लेसर मारतात. तीन-चार दिवस डोळे चांगलेच दुखतात, पट्टीसारखी लेन्स घालून ठेवतात आणि नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात. पण काच जास्त शिल्लक राहते आणि पुढे झडप सरकण्याची भीती नसते. तालमीत जाणारा, कबड्डी खेळणारा किंवा पोलिसात जायचं म्हणणारा मुलगा असेल तर मी आधी याच पद्धतीबद्दल विचारायला सांगतो. ती जुनी आहे, स्वस्त आहे, म्हणून कमी प्रतीची आहे असं नाही.

लेसिक. झडप उचलायची, खाली लेसर मारायचा, झडप परत बसवायची. दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी दिसतं. झडप ब्लेडने करतात किंवा फेम्टो लेसरने. फेम्टोची झडप जास्त एकसारखी आणि पातळ येते. कॉन्टूरा हा लेसिकचाच एक प्रकार आहे, त्यात बुबुळाच्या नकाशानुसार लेसर चालतो. झडपेला वर्षांनंतरही जोराचा मार लागला तर ती सरकू शकते.

स्माईल आणि तिच्या बहिणी. आतल्या आत भिंगासारखी चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. झडप नसते. कोरडेपणा लेसिकपेक्षा कमी जाणवतो, असा अनुभव आहे. प्लस नंबरला सहसा ही करत नाहीत.

आणि चौथी, डोळ्यात बसवायची लेन्स, जिला आयसीएल म्हणतात. हिच्यात बुबुळ कापत नाहीत. आतल्या भिंगापुढे आणखी एक पातळ लेन्स ठेवतात. वरच्या मायनस ८ वाल्या डोळ्यासाठी हाच मार्ग असू शकतो, पण आत जागा पुरेशी आहे का आणि बुबुळाच्या आतल्या पेशी किती आहेत हे मोजावं लागतं, आणि पुढे दरवर्षी तपासणी.

यांतली ‘सगळ्यात भारी’ कुठली, हा प्रश्न मला पटत नाही. तुमच्या नंबरला, जाडीला आणि कामधंद्याला कुठली बसते, हा प्रश्न विचारा. ज्या दवाखान्यात एकच मशीन आहे तिथे प्रत्येक रुग्णाला तेच मशीन योग्य ठरतं, एवढं लक्षात असू द्या.

दवाखाना कुठला, गाव कुठलं

मराठवाड्यात लेसरची सोय मुख्यत्वे छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा मोठ्या शहरांत पाहावी लागते. धाराशिवकरांना सोलापूर जवळ पडतं, बीडची मंडळी संभाजीनगर किंवा पुणे पाहतात, नांदेड, हिंगोली, उदगीरकडची हैदराबादला जातात. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान १९८७ पासून आहे आणि बुबुळाच्या आजारांसाठी देशभर ओळखलं जातं; रिपोर्टमध्ये शंका असेल तर अशा संस्थेचं मत घ्यायला एक फेरी सार्थकी लागते. जालन्याचं गणपती नेत्रालय, उदगीरचं लायन्स नेत्र रुग्णालय किंवा आपल्या जिल्ह्यातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय इथे पडद्याची आणि दाबाची तपासणी करून घेतलीत तर आणखी एक वेगळं मत हाती येतं. याला मी फार किंमत देतो.

गाव ठरवताना एक गोष्ट विसरली जाते ती म्हणजे नंतरच्या फेऱ्या. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, तीन आणि सहा महिन्यांनी, असं साधारण वेळापत्रक असतं. आणि त्यापलीकडे, रात्री अचानक डोळा लाल होऊन दुखायला लागला तर? पुण्याचा दवाखाना फोन उचलेल, पण डोळा पाहू शकणार नाही. लांबच्या शहरात करायचं असेल तर आधीच विचारा: माझ्या जिल्ह्यातल्या कुठल्या नेत्रतज्ज्ञाकडे मी जाऊ, आणि तुम्ही त्यांच्याशी बोलाल का? याचं सरळ उत्तर मिळत नसेल तर जवळचा चांगला सर्जन बरा.

सर्जनची पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी पाहा. एमएस, डीएनबी ही नेत्रशास्त्रातली पदवी झाली. त्यावर बुबुळ आणि लेसरचं खास प्रशिक्षण आहे का ते विचारा. तुमची तपासणी पाहून निर्णय देणारा, ऑपरेशन करणारा आणि दुसऱ्या दिवशी पाहणारा डॉक्टर एकच आहे का? काही दवाखान्यांत लेसर मशीन ठरावीक दिवशी बाहेरून येतं आणि सर्जनही. त्यात चूक नाही, पण मग दुसऱ्या दिवशी डोळा कोण पाहणार आणि झडपेखाली काही दिसलं तर ती उचलून धुवायची सोय इथे आहे का, हे कळलंच पाहिजे. एक्सायमर लेसरच्या खोलीत तापमान आणि दमटपणा ठरावीक ठेवावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळे बॅकअप काय आहे आणि मशीन त्या दिवशी तपासून घेतलंय का, हे विचारायला संकोच करू नका.

मी एखादा दवाखाना जोखतो तो एका प्रश्नावर: ‘तुम्ही कुणाकुणाला नाही म्हणता?’ चांगला सर्जन यावर पाच मिनिटं बोलतो. पातळ बुबुळ, कोरडे डोळे, अस्थिर नंबर, एकच डोळा चांगला असलेला माणूस. जिथे उत्तर मिळतं ‘आमच्याकडे सगळ्यांचं होतं’, तिथे पुढचं काही विचारायची गरज उरत नाही.

‘आज पैसे भरले तर इतकी सूट’ हे वाक्य ऐकलं की तो दिवस टाळाच. डोळ्याला तातडी नाही. चष्मा घालून माणूस आणखी वर्षभर आरामात काढू शकतो.

खर्चाचा खरा हिशोब

दोन्ही डोळ्यांचे मिळून ढोबळ आकडे असे ऐकू येतात: पृष्ठभागाची पद्धत किंवा ब्लेडचं लेसिक साधारण तीस ते पन्नास हजार, फेम्टो लेसिक साठ ते नव्वद हजार, कॉन्टूरा सत्तर हजारांपासून लाखाच्या वर, स्माईल ऐंशी-नव्वद हजारांपासून दीड लाखापर्यंत, आयसीएल लाखाच्या पुढे, तिरक्या नंबरची असेल तर आणखी. शहर, मशीन आणि सर्जन यांनुसार हे हलतात. याच्या खूप खाली कुणी दर सांगत असेल तर काय वगळलंय ते शोधा. ‘अमुक हजारांपासून पुढे’ अशा जाहिरातीत तो आकडा बहुतेक वेळा एका डोळ्याचा, सगळ्यात जुन्या मशीनचा आणि तपासण्या सोडून असतो.

दर लेखी घ्या आणि त्यावर या गोष्टी लिहून घ्या:

- एका डोळ्याचा की दोन्हींचा. मशीनचं आणि पद्धतीचं पूर्ण नाव
- आधीच्या तपासण्या धरून की वेगळ्या. ‘चालत नाही’ निघालं तर फक्त किती द्यायचे
- थेंब आणि नंतरच्या तपासण्या किती महिन्यांपर्यंत धरल्यात
- थोडा नंबर उरला तर दुसऱ्यांदा लेसर फुकट की पैसे देऊन, आणि किती वर्षांपर्यंत
- ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी रद्द केलं तर आगाऊ रक्कम परत मिळेल का

शेवटून दुसरा मुद्दा नीट वाचा. नंबर थोडा उरणं यात अघटित काही नाही. पण दुसऱ्यांदा करायला काच शिल्लक असावी लागते, म्हणून ‘आजीवन गॅरंटी’ या शब्दाला स्वतःहून फारसा अर्थ नसतो.

आता प्रवास जोडा. हिंगोलीच्या मुलाने पुण्यात पंधरा हजारांनी स्वस्त म्हणून लेसर ठरवला तर दोघांचं जाणं-येणं, दोन-तीन दिवसांचा मुक्काम, मग आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा तीच फेरी, शिवाय बुडालेली मजुरी किंवा रजा. पंधरा हजारांतले किती हाती उरतात ते स्वतः मांडून पाहा. उलट नांदेडहून हैदराबाद रेल्वेने सोपं पडत असेल आणि तिथे नातेवाईक असतील तर हिशोब वेगळा येईल.

विम्याबद्दल. आरोग्य विम्याच्या प्रमाणित नियमांनुसार ७.५ पेक्षा कमी नंबर घालवायचा खर्च मिळत नाही. नंबर ७.५ किंवा त्याहून जास्त असेल तर पॉलिसीच्या अटी आणि प्रतीक्षा काळ वाचून आधी कंपनीची लेखी मंजुरी घ्या. हप्त्यांवर करत असाल तर प्रक्रिया शुल्क धरून एकूण किती भरताय ते पाहा. शेती कर्जातले किंवा लग्नाला ठेवलेले पैसे यात घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन हजारांचा चांगला चष्मा हाही पूर्ण इलाज आहे.

महिना कुठला

डोळा बरा होताना धूळ, घाम आणि घाण पाणी नको. आपल्या भागात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी चालते, तेव्हा गावात हवा भुशाने भरलेली असते. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि वावटळी. वसमतकडे हळद शिजवून पॉलिश करायचे दिवस असतील किंवा जिनिंगवर काम असेल तर ते दिवस टाळा. रंगपंचमीच्या आगेमागे महिनाभर नकोच. डिसेंबर-जानेवारी मला सगळ्यात सोयीचे वाटतात. लग्नासाठी करत असाल तर तारखेच्या किमान तीन महिने आधी करा. हळद, काजळ, होमाचा धूर आणि रात्ररात्र जागरण हे ताज्या डोळ्यासाठी नाही.

ऑपरेशनच्या दिवशी अत्तर, डिओ, पावडर लावू नका. त्यांच्या वाफेचा लेसरवर परिणाम होतो. काजळ-सुरमा काही दिवस आधीपासून बंद. संमतीपत्र आदल्या दिवशी मागून मराठीत वाचा किंवा वाचून घ्या. भूल फक्त थेंबांची असते. पापण्या उघड्या ठेवायला क्लिप लावतात, डोळ्यावर दाब जाणवतो, लेसिकमध्ये काही क्षण दिसेनासं होतं, समोरच्या दिव्याकडे पाहत राहायचं. लेसर चालताना जळका वास येतो. दोन्ही डोळ्यांचं मिळून पंधरा-वीस मिनिटांत होतं.

घरी आल्यावर

पहिले काही तास जळजळ आणि पाणी येणं चालायचंच; झोपून राहा. आठवडाभर डोक्यावरून अंघोळ नाही. टँकरचं, हौदाचं, बोअरचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. विहिरीत आणि नदीत पोहणं किमान महिनाभर बंद. मोटारसायकलवर पारदर्शक गॉगल रात्रीसुद्धा. पृष्ठभागाची पद्धत केली असेल तर काही महिने उन्हात काळा गॉगल हवाच, नाहीतर बुबुळावर धूसर डाग येऊ शकतो. डोळे चोळायचे नाहीत, कधीच.

थेंबांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. यात एक स्टिरॉइडचा थेंब असतो आणि तो ठरल्याप्रमाणे कमी करत बंद करायचा असतो. त्याने छान वाटतं म्हणून मेडिकलवरून पुन्हा पुन्हा आणून टाकणारे लोक आपल्याकडे आहेत. यातून डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो आणि नजर गेल्यावरच कळतं. चिठ्ठीवर लिहिलेल्या तारखेनंतर तो थेंब टाकून द्या. कोरडेपणाचे साधे थेंब मात्र काही महिने लागतात. रात्रीच्या दिव्यांभोवतीची वलयंही बहुतेकांची याच काळात कमी होत जातात. रात्री ट्रक किंवा एसटी चालवणाऱ्याने हे आधीच ध्यानात घेऊन रजा काढावी.

दुखणं कमी व्हायचं सोडून वाढत गेलं, लाली वाढली, उजेड सहन होईना, पांढरा ठिपका दिसला, काल दिसत होतं त्याहून आज कमी दिसलं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा, रविवार असो की सण. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखं चमकलं किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं तर तो पडद्याचा विषय असतो. ऑपरेशनला पाच वर्षं झाली असली तरी त्यातही तीच घाई.

शेवटी फाइल. ऑपरेशनआधीचा नंबर, बुबुळाचं स्कॅन, किती थर काढला आणि किती उरला, हे सगळं एका पिशवीत सातबाऱ्यासोबत ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. पुढे साठीत मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना हे जुने आकडे डॉक्टरांच्या फार कामी येतात. आणि बुबुळ पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात की पहिल्याच वाक्यात सांगा, ‘माझं लेसर झालंय,’ आणि फाइल पुढे करा.